मिटलं म्हणजे संपलं असं नसतं, दावा कसा बंद होतो तेही बघा

"मॅडम, आमचं मिटलंय, आता तेवढा दावा काढून टाका." असं म्हणत कोणी आलं की मला मनापासून आनंद होतो, कारण दिवाणी दावा म्हणजे काय असतं ते मी रोज बघते, तारखा, नकला, साक्षीदार आला नाही, जजसाहेब रजेवर, परत तारीख. त्यातून दोन माणसं आपणहून बसून मिटवतात याच्यासारखी चांगली गोष्ट नाही. पण त्याच वेळी मी एक प्रश्न हमखास विचारते आणि तो ऐकून बरेचजण जरा चिडतातच. मिटलं म्हणजे नक्की काय झालं? पैसे खात्यात आले का? कबजा मिळाला का? खरेदीखत झालं का? की अजून नुसतं "देतो, करतो" एवढंच ठरलंय? कारण दावा कसा बंद करायचा हे सगळं त्या उत्तरावर ठरतं, आणि लोक नेमकं तिथेच घाई करतात.

बहुतेकांना वाटतं की दावा बंद करायचा एकच मार्ग, वकिलानं जाऊन सांगायचं की मिटलं आणि कोर्टानं फाईल बंद करायची. तसं नाहीये. १९०८ च्या सीपीसीत म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २३ आहे, तिच्यात दोन वेगवेगळे रस्ते दिलेत. रूल १ मध्ये वादी आपला दावा काढून घेतो, आणि रूल ३ मध्ये दोन्ही बाजू लेखी तडजोड दाखल करतात आणि कोर्ट तिच्यावर हुकूमनामा म्हणजे डिक्री करतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीत दावा संपलाच, बोर्डावरून म्हणजे कोर्टाच्या रोजच्या यादीतून नाव गेलं, तारीख बंद झाली. पण उद्या समोरचा फिरला तर तुमच्या हातात काय उरतं हे दोन्हीत जमीन-अस्मानाइतकं वेगळं आहे.

आधी दावा काढून घेण्याचं बघू. वादी कधीही दावा सोडून देऊ शकतो, पूर्ण किंवा काही भाग, सगळ्या प्रतिवादींविरुद्ध किंवा त्यातल्या एकाविरुद्ध. एकापेक्षा जास्त वादी असतील तर एकट्यानं सगळ्यांचा दावा काढता येत नाही, बाकीच्यांची संमती लागते. इथपर्यंत सोपं आहे. पुढची गोष्ट लोकांना माहीत नसते ती अशी की पुन्हा दावा लावायची परवानगी न घेता काढून घेतला, तर त्याच विषयावर परत दावा लावायचा हक्क जातो. कायमचा. वर समोरच्याचा खर्च द्यायचा आदेशही कोर्ट करू शकतं. आता विचार करा, उसने दिलेले पैसे वसूल करायला दावा लावलाय, समोरचा म्हणतो मी पुढच्या तारखांचे चेक देतो, तुम्ही दावा काढून घ्या, तुम्ही भल्या मनानं काढून घेता, आणि दुसराच चेक परत येतो. मूळ दावा परत लावता येत नाही. तुमच्याकडे उरतो तो फक्त बाहेर झालेला करार, म्हणजे आता त्या करारावर नवीन दावा, नवीन कोर्ट फी, समन्स बजावण्यापासून सगळं पहिल्यापासून, आणि त्यातही समोरचा म्हणणार की असा करार झालाच नव्हता किंवा मी दबावाखाली सही केली. चेकची वेगळी फौजदारी केस करता येते हे खरं, पण ज्याला पैसे हवे होते तो आता एका कोर्टाऐवजी दोन कोर्टांत उभा.

यावर लोक विचारतात, मग ती परवानगी घेऊनच काढू की, म्हणजे दार उघडं राहील. ती परवानगी मागितली म्हणून मिळत नाही हो. दाव्यात काही तांत्रिक दोष आहे, ज्यामुळे तो टिकणारच नाही, किंवा तसंच काही पुरेसं कारण आहे, असं कोर्टाला पटलं पाहिजे. "समझोता फिसकटला तर परत येऊ" हे कारण म्हणून पुढे करणं अवघड आहे. आणि समजा परवानगी मिळालीच, तरी मुदतीचं काय? रूल २ सरळ सांगतो की पहिला दावा जणू लावलाच नव्हता असं धरून मुदत मोजायची. म्हणजे पहिल्या दाव्यात गेलेली वर्षं मुदत मोजताना सोडून दिली जात नाहीत, तीही धरली जातात, आणि तीन वर्षांची मुदत असलेला वसुलीचा दावा असेल तर ती कधीच उलटून गेलेली असते.

मग दावा काढून घेणं कधीच योग्य नाही का? तसंही नाही. ठरलेलं सगळं पूर्ण झालंय, पैसे खात्यात जमा झालेत, कागद नोंदवून झालेत, एकमेकांकडून काहीच घ्यायचं-द्यायचं उरलेलं नाही, तर साधी दावा काढून घेण्याची पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेलं सही केलेलं लेखी निवेदन, पुरते. काही वेळा दोन्ही बाजूंना तडजोडीच्या अटी कोर्टाच्या रेकॉर्डवर नको असतात, घरातली गोष्ट चारचौघांत नको असं वाटतं, तेही मी समजू शकते. फक्त अशा वेळी पैसे आधी आणि पुरसिस नंतर हा क्रम सोडू नका. आणि तुम्ही प्रतिवादी असाल, वादीनं दावा काढला म्हणून निश्चिंत होणार असाल, तर आधी बघा की तुमचा स्वतःचा प्रतिदावा, म्हणजे त्याच दाव्यात वादीविरुद्ध केलेली मागणी, आहे का. वादीचा दावा निघाला तरी प्रतिदावा आपोआप निघत नाही, ऑर्डर ८ मध्ये तसं स्पष्ट आहे, तो पुढे चालू शकतो. वादीच्या बाजूनंही हेच लक्षात ठेवायचं, नाहीतर तुमचा दावा गेला आणि त्याचा तुमच्या डोक्यावर तसाच, असं व्हायचं.

काहीही द्यायचं-घ्यायचं बाकी असेल, एक हप्ता का असेना, एक सही का असेना, तर रूल ३ चाच रस्ता. तडजोड पुरसिस. हे मी प्रत्येकाला सांगते आणि जरा आग्रहानंच सांगते.

यात मुख्य अट अशी की तडजोड लेखी पाहिजे आणि तिच्यावर पक्षकारांच्या सह्या पाहिजेत. पूर्वी तोंडी तडजोडीवरूनही भांडणं चालायची, की झाली होती, नव्हती झाली. १९७६ च्या दुरुस्तीनं लेखी आणि सही केलेली हे शब्द घातले आणि तो वाद बराच संपला. वकिलानं पक्षकाराच्या वतीनं सही केली तर चालते का, यावर सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत आणि वकिलाला तो अधिकार असू शकतो असं मानलंय, पण मी माझ्यापुरतं ठरवलंय की पक्षकाराची स्वतःची सही किंवा अंगठा असल्याशिवाय तडजोड दाखल करायची नाही. माणसाच्या जमिनीचा, घराचा निर्णय आहे, त्यानं स्वतः कागद हातात घेऊन सही केली पाहिजे.

मसुदा लिहिताना खरी कसोटी असते. कारण उद्या समोरचा फिरला तर तुम्ही दरखास्त, म्हणजे हुकूमनामा बजावून मागण्याचा अर्ज, लावणार, आणि दरखास्तीतलं कोर्ट हुकूमनाम्याच्या पलीकडे जात नाही. जे लिहिलंय तेवढंच बजावतं. म्हणून "दोन्ही पक्ष एकमेकांना सहकार्य करतील", "प्रतिवादी लवकरात लवकर रक्कम देतील", "वहिवाटीला हरकत घेणार नाहीत" असली वाक्यं दिसायला छान, पण बेलिफ घेऊन जागेवर गेलात तर त्याचा काही उपयोग नाही. किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, हे लिहा. जमीन असेल तर गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, आणि शक्य असेल तर मोजणीचा नकाशा हुकूमनाम्याचा भाग म्हणून जोडा. रस्त्याचा वाद असेल तर रस्ता किती फूट रुंद, कुठून सुरू, कुठे संपतो. खरेदीखत करून द्यायचं असेल तर तारीख लिहा, कारण त्यानं नाही करून दिलं तर ऑर्डर २१ रूल ३४ खाली कोर्ट स्वतः तो दस्त करून देण्याची व्यवस्था करू शकतं, पण त्यासाठी हुकूमनाम्यात ते स्पष्ट असायला पाहिजे. मनाई हुकूम असेल तर नक्की कशाला मनाई ते लिहा, म्हणजे मोडल्यावर रूल ३२ प्रमाणे जप्ती किंवा दिवाणी कैद मागता येते.

हप्त्यांच्या तडजोडीत एका कलमाची रचना मला फार महत्त्वाची वाटते. समजा एकूण येणं मोठं आहे आणि वादी सूट द्यायला तयार आहे. बरेचजण लिहितात, प्रतिवादी अमुक कमी रक्कम देतील, आणि हप्ता चुकला तर जास्तीची रक्कम दंड म्हणून देतील. असं लिहिलं की समोरचा म्हणतो हा दंड आहे, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तुम्हाला योग्य तेवढीच भरपाई मिळेल, सगळी नाही. त्याऐवजी उलट बाजूनं लिहायचं. पूर्ण रक्कम देणं आहे हे प्रतिवादीला मान्य आहे, आणि हुकूमनामा त्या पूर्ण रकमेचा. मात्र ठरलेल्या तारखांना एवढे हप्ते वेळेत दिले तर वादी तेवढ्यावरच पूर्ण फेड झाली असं मानेल, आणि हप्ता चुकला तर ही सवलत जाईल. आकडे तेच, पण आता ती वेळेवर देणाऱ्याला दिलेली सवलत आहे, आणि सवलत गेली याला कोर्ट दंड म्हणत नाही. हे एक वाक्य नीट लिहिण्यात अर्धा तास गेला तरी चालेल. तडजोड पुरसिस छापील फॉर्मसारखी भरून देणारे लोक मला आवडत नाहीत ते याचसाठी.

पुरसिस दाखल झाली की लगेच हुकूमनामा होत नाही. पुकारा होतो, पक्षकार समोर उभे राहतात, साहेब स्वतः विचारतात. एका वाटपाच्या दाव्यात दोन सख्खे भाऊ होते, दोघंही वयस्कर. धाकट्याला विचारलं, तडजोडीतला मजकूर वाचला का, वाचून दाखवला का, कोणाचा दबाव आहे का. त्यांनी "हो साहेब, मान्य आहे" म्हटलं. मग थोरल्यांना विचारलं, ते गप्प. साहेबांनी परत विचारलं. ते म्हणाले, "विहिरीचं पाणी कसं ठरलंय ते परत एकदा वाचा." साहेबांनी पेन खाली ठेवलं, आणि मला ते कलम मोठ्यानं वाचायला लावलं, कोणत्या दिवशी कोणाची पाळी, मोटारीचं बिल कसं वाटायचं, विहीर खचली तर खर्च कोणाचा. थोरले काका ऐकत होते, मान हलवत होते, आणि मग म्हणाले, "आता बरोबर. मान्य आहे." समोरचे वकील जरा वैतागले होते, बोर्ड मोठा होता, पण मला वाटतं त्या दिवशीचं सगळ्यात खरं काम तेच झालं. तडजोड कायदेशीर आहे आणि लोकांनी समजून केली आहे याची खात्री करणं हे कोर्टाचं कामच आहे, नुसता शिक्का मारणं नाही. म्हणून माझ्या पक्षकारांना मी सांगते, काही समजलं नसेल तर तिथेच बोला, कोणी रागावत नाही, आणि रागावलं तरी चालेल.

सह्या कोणाच्या, हा अजून एक मोठा विषय. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पाहिजेत, आणि इथे बहिणींचं नाव मी मुद्दाम घेते. "ती काही मागत नाही, तिची सही नंतर घेऊ" हे वाक्य मी ऐकून घेत नाही. तिचा हिस्सा आहे, ती पक्षकार आहे, ती येईल, वाचेल आणि मग सही करेल किंवा करणार नाही. तिच्या वतीनं कोणी मुखत्यार येणार असेल तर मुखत्यारपत्रात तडजोड करायचा अधिकार स्पष्ट लिहिलेला पाहिजे, नुसतं "कोर्टाचं काम बघणे" पुरत नाही. दाव्यात कोणी अज्ञान असेल, म्हणजे अठराच्या खालचा मुलगा किंवा मुलगी, तर ऑर्डर ३२ रूल ७ प्रमाणे त्याच्या पालनकर्त्याला कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय तडजोड करताच येत नाही, आणि केली तर ते मूल ती रद्द करून घेऊ शकतं, बाकीचे मात्र घेऊ शकत नाहीत. परवानगीचा अर्ज वेगळा द्या, त्यात ही तडजोड मुलाच्या हिताची कशी ते लिहा. आणि दावा चालू असताना कोणी वारलं असेल तर आधी वारस रेकॉर्डवर आणा. हे सगळं आधी झालं नाही तर दहा वर्षांनी कोणीतरी फाईल उघडतं आणि सगळं परत उभं राहतं.

जमिनीच्या तडजोडीत नोंदणीचा प्रश्न हमखास येतो आणि त्यात गोंधळ फार. घरचे लोक मिटवायला बसले की सगळंच मिटवतात, दाव्यात असलेली शेती, आणि दाव्यात नसलेला गावठाणातला प्लॉटही. रूल ३ प्रमाणे दाव्याबाहेरच्या गोष्टीसुद्धा तडजोडीत घेता येतात, १९७६ नंतर ते स्पष्टच आहे. पण नोंदणी कायद्याचं कलम १७ म्हणतं की तडजोड हुकूमनाम्यात दाव्याच्या विषयात नसलेली स्थावर मिळकत आली तर त्याला नोंदणीतून सूट नाही. शिवाय सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये भूप सिंग विरुद्ध राम सिंग या निकालात सांगितलंय की आधीपासूनचा हक्क मान्य होत असेल तर नोंदणी नको, पण हुकूमनाम्यानं नवीनच हक्क निर्माण होत असेल तर नोंदणी लागते. म्हणजे दावा आणि तडजोड हे मुद्रांक आणि नोंदणी चुकवायचं साधन म्हणून वापरता येणार नाही. हे तलाठ्याकडे फेरफार धरायला गेल्यावर कळण्यापेक्षा मसुदा करतानाच बघून घेतलेलं बरं.

लोकअदालतीचा पर्यायही मी बऱ्याचदा सुचवते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम २१ आहे, त्याप्रमाणे लोकअदालतीत झालेला निवाडा हा दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा समजला जातो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळायची तरतूद आहे. फी मोठी असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो. आणि फक्त लोकअदालतच नाही, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं मद्रास हायकोर्टाच्या एका प्रकरणात असं धरलं की कोर्टानं सीपीसीच्या कलम ८९ खाली मध्यस्थीला पाठवलं नव्हतं आणि पक्षकारांनी बाहेर आपसात मिटवलं, तरी कोर्ट फी परतीचा लाभ नाकारू नये. ते प्रकरण तमिळनाडूच्या फी कायद्याचं होतं, प्रत्येक राज्याचा फी कायदा वेगळा आहे, म्हणून आपल्या राज्यात काय आणि दाव्याच्या कोणत्या टप्प्यावर किती, हे वकिलाला नक्की विचारा. विचारलं नाही तर अर्जच दिला जात नाही, आणि पैसे तिथेच राहतात.

आता फसवणुकीचं. कोणी म्हणालं की माझी सही फसवून घेतली, किंवा मी सहीच केली नव्हती, तर काय? पहिली गोष्ट, संमतीनं झालेल्या हुकूमनाम्यावर सरळ अपील नाही, सीपीसीचं कलम ९६(३). दुसरी, तो हुकूमनामा रद्द करायला नवीन दावाही लावता येत नाही, ऑर्डर २३ रूल ३ए त्याला बंदी करतो. इथे बरेच लोक अडकतात, वेगळा दावा लावतात, चार वर्षं चालवतात आणि मग तो या एका कारणावर जातो. ज्या कोर्टानं तडजोड नोंदवली त्याच कोर्टात अर्ज करायचा, की तडजोड झालीच नव्हती किंवा कायदेशीर नव्हती, आणि त्याचा निर्णय तेच कोर्ट करतं. १९९३ च्या बनवारीलाल विरुद्ध चंदो देवी निकालापासून हे स्पष्ट आहे. करार कायद्याप्रमाणे रद्दबातल किंवा रद्द होण्याजोगा करार हा कायदेशीर तडजोड धरला जात नाही, म्हणजे धाक, फसवणूक, हे सगळे मुद्दे तिथे मांडता येतात. पण उशीर नको. कळलं की आठवड्याभरात वकील गाठा.

हुकूमनामा झाल्यावर पैसे देणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार कळकळीनं सांगते, कारण यात साध्या माणसांचं नुकसान होतं. हुकूमनाम्याचे पैसे तुम्ही कोर्टाबाहेर दिले, हातात रोख दिले, वर चहा पिऊन घरी आलात, तर कायद्याच्या नजरेत ते दिलेच नाहीत असं होऊ शकतं. ऑर्डर २१ रूल २ प्रमाणे बाहेर झालेली फेड कोर्टात नोंदवावी लागते. घेणाऱ्यानं कळवायची, आणि त्यानं नाही कळवली तर देणाऱ्यानं अर्ज करायचा, त्याची मुदत मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२५ प्रमाणे फक्त ३० दिवस. नोंद नसलेली फेड दरखास्तीतलं कोर्ट विचारात घेत नाही. आणि हुकूमनाम्याच्या दरखास्तीला मुदत १२ वर्षं आहे. म्हणजे अकराव्या वर्षी त्याचा मुलगा दरखास्त घेऊन आला तर तुम्ही काय दाखवणार? म्हणून बँकेतून द्या, किंवा सरळ कोर्टात भरा, आणि प्रत्येक हप्त्याची फेड पुरसिस त्याच महिन्यात दाखल करा. शेवटचा हप्ता झाला की पूर्ण फेडीची पुरसिस, घेणाऱ्याच्या सहीनं.

दाव्याला चिकटलेल्या बाकीच्या गोष्टीही एकेक करून सोडवाव्या लागतात आणि त्या तडजोडीत लिहिलेल्या असल्या तर सोपं जातं. निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, झालेला तूर्तातूर्त मनाई हुकूम दाव्याबरोबर संपतो, पण निकालाआधीची जप्ती झालेली असेल तर ती उठवायची की पैसे फिटेपर्यंत ठेवायची ते लिहा. कोर्टात रक्कम जमा असेल तर ती व्याजासकट कोणी काढायची ते नावानिशी लिहा, नाहीतर नंतर दोघंही अर्ज करतात. मूळ दस्तऐवज दाखल केलेले असतील तर परत मिळण्याचा अर्ज द्या, घराचं मूळ खरेदीखत कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेलं मी पाहिलंय, आणि मग कर्ज काढताना धावपळ. लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवलेली असेल तर ती काढून घ्यायचा दस्त कोण करणार, खर्च कोणाचा, हेही. सात-बाऱ्यावर दाव्याची काही नोंद असेल तर ती कमी करायला हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल जोडून अर्ज लागतो. वाटपात सरकारी साऱ्याची, म्हणजे सरकारला शेतसारा लागू असलेली, शेतजमीन असेल तर प्रत्यक्ष तुकडे पाडून द्यायचं काम सीपीसीच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे जातं, ते कोर्टातल्या कोर्टात होत नाही, त्यामुळे हुकूमनामा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी कुंपण घालायला जाऊ नका.

त्याच भांडणातून पोलीस केस झालेली असेल, चेकची केस असेल, तर दिवाणी तडजोडीनं ती आपोआप संपत नाही. चेकची केस आपसात मिटवता येते, काही गुन्हेही तडजोडीला पात्र आहेत, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं म्हणजे सीआरपीसीचं कलम ३२० होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५९, पण तिथे वेगळा अर्ज, वेगळी तारीख, फिर्यादीची वेगळी हजेरी. जे गुन्हे तडजोडीला पात्र नाहीत त्यांच्यासाठी हायकोर्टात जावं लागतं. तडजोडीत एवढं तरी लिहा की फिर्यादी अमुक कोर्टात अमुक नंबरच्या केसमध्ये हजर राहून तडजोडीचा अर्ज देईल, आणि पैशांचा शेवटचा हप्ता त्यानंतर. हा क्रम दोन्ही बाजूंना पटतो, कारण दोघांच्याही हातात शेवटपर्यंत काहीतरी राहतं.

हुकूमनामा तयार झाला की नक्कल अर्ज त्याच दिवशी द्या, तडजोड पुरसिस आणि हुकूमनामा दोन्हीच्या प्रमाणित नकला, एक तलाठी किंवा नगरपालिकेसाठी, एक बँकेच्या कामाला, एक घरात. मिळाल्यावर ओळ न ओळ वाचा, नावाचं स्पेलिंग, गट नंबर, रक्कम, तारखा. टायपिंगची चूक निघाली तर सीपीसीच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज कधीही करता येतो, पण दोघं अजून एकमेकांशी बोलत असताना केला तर समोरचा तिथेच "हरकत नाही" लिहून देतो आणि काम उरकतं.